शर्टाचा मागचा भाग

आदरणीय आर्डिसताईस,
धाकट्या व्हर्लिनचा विस्कॉन्सिनच्या बर्फातून कुडकुडता नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हात म्हणे दुखणी पळतात. इकडे दोन फूट बर्फ पडलंय आणि माझी सगळी दुखणी जागच्या जागी आहेत. तू पाठवलेला लोकरी शर्ट मिळाला. फारच उबदार आहे, म्हणजे पुढून आहे. मागून आता तो कमरेच्या वरच संपतो. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र लिहितोय. (ऑर्व्हिल म्हणेल, कारण दुसरंच आहे. त्याचं ऐकू नकोस.)

झालं असं, की वनखात्याचा एक फॉर्म आला. हल्ली हरणाच्या शिकारीला माणसं का कमी येतात, सहा ओळींत लिहा. मी तो नोव्हेंबरात कॅम्पवर घेऊन गेलो, म्हटलं सगळ्यांना विचारून लिहू. सगळे म्हणजे तिघे! ज्या खोपटात बाबांच्या वेळी चौदा पुरुष घोरायचे, तिथे मी, आपला चुलतभाऊ ऑर्व्हिल आणि आमचे जावईबापू ब्रेंट. तिघांखाली आकडा गेला तर कागद कंपनी कॅम्पच्या जमिनीचा भाडेकरार रद्द करणार, म्हणून मी जावयाच्या अक्षरशः पाया पडून त्याला आणला होता. ऑर्व्हिलने फॉर्मवर मत दिलं, टीव्ही. ब्रेंटने फार सभ्यपणे विचारलं, नऊ दिवस आंघोळ करायची नाही हे एक कारण धरता येईल का?

आणि तो बोलून थांबला नाही गं. पहिल्याच पहाटे त्याने चुलीवर बर्फ वितळवून नारळाच्या शाम्पूने डोकं धुतलं! आम्ही हरणांना माणसाचा वास लागू नये म्हणून कपडे आठवडाभर पाइनच्या फांद्यांत टांगून ठेवतो, आणि हा माणूस रानात केकच्या दुकानासारखा घमघमत शिरला. ऑर्व्हिलने त्याच्याशी बोलणंच टाकलं. पण कुतूहल म्हणून की काय, एक दांडगा नर त्या वासावर सरळ चालत आला, हुंगत, डौलात, माझ्यापासून तीस पावलांवर. असं हरीण मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी नेम धरला. चष्म्यावर वाफ आली, बाही आडवी आली (शर्ट जरा जाडच आहे हो), आणि गोळी बर्चच्या झाडाला लागली. हरणाने माझ्याकडे पाहिलं, मग ब्रेंटकडे पाहिलं, आणि ते चालत निघून गेलं. पळालंसुद्धा नाही, ताई!

नेम चुकला की शर्टाचा मागचा भाग कापून, नाव-तारीख घालून तुळईवर ठोकायचा, हा आजोबांपासूनचा कायदा तुला माहीतच आहे. मी शर्ट बदलायच्या आत ऑर्व्हिल पत्रा कापायची कात्री घेऊन दारात उभा. आता तुळईवर माझे बारा तुकडे झाले. ब्रेंट ते मोजत मोजत भिंतीवरच्या शिंगांपाशी पोचला. पितळी पाटी वाचली, 'व्हर्लिन झास्ट्रो, वय बारा, १९६८, एका गोळीत'. म्हणाला, "बाबा, बारा वेळा चुकलेल्या माणसाने हे कसं काय जमवलं?" मी म्हटलं, नशीब. ऑर्व्हिल उगाचच चुलीत लाकडं सारत बसला.

असो. जावईबापू पुढच्या वर्षी येणार नाहीत, पाठ धरली म्हणतात. मी फॉर्मवर टीव्ही, कंप्युटर, आंघोळ असं लिहून सहा ओळी भरल्या. तब्येतीला जप.

तुझा आज्ञाधारक (बरं, निदान धाकटा) भाऊ,
व्हर्लिन

ता. क. फॉर्म पाठवलेला नाही. त्यातलं एकही कारण खरं नाही. अडुसष्ट सालच्या त्या दिवशी तू चौदा पुरुषांचे सँडविच घेऊन रानात आली होतीस. मी थंडीने रडत होतो. तू माझ्या हातातली बंदूक घेतलीस आणि ते हरीण पाडलंस. बाबा म्हणाले, कॅम्पात मुलींचं नाव लागत नाही, आणि पाटीवर माझं घातलं. मी गप्प बसलो. पंचावन्न वर्षं बसलो, लाज वाटते मला. अर्धं घर आम्हीच दाराबाहेर ठेवलं आणि आता फॉर्म भरतोय, माणसं कुठे गेली म्हणून!

ता. क. २. जुनी पाटी मी उचकटली. नवी करून आणलीय, 'आर्डिस झास्ट्रो, वय पंधरा'. ऑर्व्हिल म्हणाला, उशीर केलास गाढवा. त्याला म्हणे पहिल्यापासून माहीत होतं.

ता. क. ३. सोबत कराराचा कागद आहे. तिसरी सही जानेवारी संपायच्या आत हवी, आणि नोव्हेंबरात तू हवीस. खिडकीजवळचा पलंग तुझा. आम्ही दोघं कापायला सोयीचे म्हणून जुनेच शर्ट घालतो. तू नवा घालून ये.