ताईचे फुटलेले ओठ

९ जानेवारी

लाडक्या ठमीस,

अनेक आशीर्वाद. तुझं शिवणकाम जोरात चाललं असेल, बोटात सुया टोचून घेत नसशील, वेळेवर जेवत असशील. इथे सगळं ठीक. लाँड्रीतला नवा पंखा पहिल्याच दिवशी रुसला. समोरचे घड्याळवाले काका तुझी आठवण काढतात. दुकानात ते बायकोशी काय भांडतात हे तू रस्त्याच्या अलीकडून, काचेतून नुसते ओठ बघून मला सांगायचीस, याचा त्यांना अजून पत्ता नाही. तुला ऐकू येत नाही म्हणून लोक निवांत बोलायचे, आणि सगळं नेमकं तुलाच कळायचं.

माझे ओठ मात्र पार फुटलेत. हसले की रक्त येतं, म्हणून हसत नाही, तर गिऱ्हाइकांना वाटतं बाई शिष्ट झाली. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. इस्त्रीच्या खोलीतली गरम हवा बाधली असेल, असं मी धरून चालले होते. त्या म्हणाल्या, "हवा आहेच हो, पण तुम्ही सारखी ओठांवरून जीभ फिरवता. थुंकी वाळली की ओठांत असेल तो ओलावाही जातो. मग आणखी कोरडं, मग पुन्हा जीभ. ती वासाची मलमं बंद करा, साधं लावा. पाणी प्या, सालं ओढू नका. आणि जीभ कधी फिरते ते आठ दिवस लिहून ठेवा बरं."

लिहिलं. इस्त्री करताना फारशी नाही. भट्टीजवळ नाही. कुणी "धाकटी कशी आहे?" विचारलं की जीभ बाहेर. तुला पत्र लिहायला बसले की बाहेर.

हल्ली दुपारी वाफेत बसल्या बसल्या डोळा लागतो. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींमधून तू येतेस आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहतेस. मी बोलते. तू मान हलवतेस, कळलं नाही, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगते. चादरी सावकाश हलत राहतात, उजेड कुठून येतो कळत नाही, आणि तू काही केल्या कंटाळत नाहीस. जागी होते तेव्हा तोंड उघडं असतं आणि ओठ कागदासारखे झालेले असतात.

पुरे झालं पाल्हाळ. बॉयलर दुरुस्त करायला यायचा तो मिशीवाला. आठवतो का, असं विचारायचीही मला लाज वाटते. मिशी इतकी झुपकेदार की त्याचा एक शब्द तुला वाचता येत नसे. तो बोलायचा, तू माझ्याकडे बघायचीस, मी तेच पुन्हा म्हणायचे. तुमचं सगळं प्रेम माझ्या तोंडातून गेलंय.

अकरा वर्षांपूर्वी तो कामासाठी लांब निघाला. बस हलली तेव्हा खिडकीतून ओरडला, "ताई, तिला सांगा, वर्षात येतो! थांब म्हणावं!" तू माझ्याकडे वळलीस. आईला जाऊन सहा महिने झाले होते. तूही गेलीस तर त्या घरात मी एकटी. मी ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हटलं, "सुखी राहा म्हणतोय. वाट बघू नको म्हणतोय." तू विचारलंस, "जीभ का फिरवलीस?" मी म्हटलं, "ओठ फुटलेत गं."

तेव्हा ते फुटलेले नव्हते.

वर्षाने तो खरंच आला. तोवर तू शिवण शिकायला तिकडे निघून गेली होतीस, म्हणजे मी एकटी पडायची ती पडलेच. त्याला सांगितलं, तिला नकोय. तो परत गेला.

परवा काउंटरशी एक माणूस आला. मी ओळखलंच नाही. मिशी नव्हती. "काढली," तो म्हणाला. "एकदा तरी माझं मला सांगता यावं. नाही म्हणाली तर म्हणू दे, पण समोर." त्याचा उघडा पडलेला वरचा ओठ गार वाऱ्याने उलला होता. "कुठे असते ती?"

माझी जीभ निघालीच होती. दातांमागे दाबून धरली आणि त्याला सगळं खरं सांगितलं. तो कपड्यांच्या गाठोड्यावर बसला. पाणी मागितलं. पाणी दिलं, आणि पुढे काय करावं सुचेना म्हणून माझ्या मलमाची डबीही पुढे केली. ती त्याने घेतली नाही.

तुझा पत्ता मी दिलेला नाही. द्यायचा की नाही ते तू सांग. तुझ्या वतीने मी पुरेसं बोलले. महिनाअखेरपर्यंत तो इथे कामाला आहे.

रविवारी मी तुझ्याकडे येते आहे. हे सगळं तोंडानेही सांगायचंय. उजेडाकडे तोंड करून उभी राहीन. रागाव, वाट्टेल ते बोल, दारातूनच परत पाठव. फक्त मान फिरवू नकोस, ठमे. तू मान फिरवलीस की माझं बोलणंच संपतं.

कागद संपेपर्यंत जीभ आत ठेवलेली,
तुझी ताई