झबल्याचं जुनं कापड

आई, काल परभणीच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात गेले होते. तू बसायचीस तशीच उकिडवी बसले, ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांनीच कापड ओळखत गेले. हे टेरिकॉट, टाक. हे सुती, पण विरलंय, टाक. शर्ट फाटका असला तरी बटणं चांगली आहेत, घे. ब्लाउजचे हुक काढता येतील, परकराची नाडी अजून धड आहे. तुझा सगळा संसार असाच या ढिगांतून निघालेला. नवं म्हणून तू फक्त सुया आणि दोरा घ्यायचीस. माझे गुडघे आता वाजतात, जवळचं नीट दिसत नाही, पण बोटं काही विसरलेली नाहीत. दोन तास बसले आणि रिकाम्या हातानं घरी आले. का, ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

वालूरच्या घरात चुलीपासून चार पावलांवर तुझं मशीन होतं. भाकरी तव्यावर टाकून तू उठायचीस, एक शिवण मारायचीस आणि भाकरी करपायच्या आत परत यायचीस. बाळंतिणीच्या घरचं झबली-टोपड्यांचं काम तुझ्याकडंच यायचं. तान्ह्या लेकराला कोरं कापड टोचतं, दृष्टही लागते, त्याला वापरून मऊ झालेलंच हवं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तुझी मात्र वरून आणखी एक अट. मेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड लेकराला चालत नाही. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बायका बाजारात ढीग मांडून बसायच्या, आणि तू भाव करायच्या आधी विचारायचीस, "कुणाच्या घरचं हाय? माणूस हाय का गेलं?" त्याही तुझ्याशी खोटं बोलत नसत. मला त्या प्रश्नाची लाज वाटायची. खरं म्हणजे सगळ्याचीच वाटायची, त्या ढिगाची, तुझ्या मोठ्या आवाजाची, हातातल्या पिशवीची.

त्या आठवड्यात तू तापानं फणफणली होतीस आणि शेजारच्या सुनेला आठवा लागला होता. तिची आधीची दोन लेकरं जगली नव्हती. हे तिसरं. तू मला एकटीलाच बाजाराला पाठवलंस. सतरा वर्षांची होते, काही लहान नव्हते. ढिगात एक धोतर हाताला लागतं, पांढरं, सायीसारखं मऊ. मी विचारायला तोंड उघडते तोच समोरून माझ्या वर्गातल्या दोघी येताना दिसतात. मी धोतर पिशवीत कोंबते, बाई मागेल ते तिच्या हातावर ठेवते आणि तोंड फिरवून स्टँडची वाट धरते. घरी तू अंथरुणातूनच विचारतेस, "इचारलंस ना?"

"व्हय," मी म्हणते. "धोतरवालं म्हातारं हाय म्हणं अजून."

एरवी तू कापड उजेडात धरून त्याचा कोपरा न् कोपरा बघायचीस. त्या दिवशी माझ्या शब्दावर कात्री चालवलीस.

लेकरू बाविसाव्या दिवशी गेलं. झबलं काढताना त्याच्या आजीला आतल्या शिवणीत बिब्ब्याची खूण दिसली, परीट कपडे ओळखायला करतो ती. गावच्या परटानं आपली खूण ओळखली आणि धोतर कुणाचं तेही सांगितलं. गावातलाच म्हातारा, लेकराच्या जन्माआधी महिनाभर वारलेला. त्याच्या घरच्यांनी ते भांड्यावर घातलं होतं. ती आजी आपल्या दारात आली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, नुसतं विचारलं, असं कसं केलंस म्हणून. मी मशीनच्या मागं उभी होते. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस.

"म्या आणलं," तू म्हणालीस. "इचारायचं म्या इसरले. चूक माही हाय."

त्यानंतर बाळंतिणीच्या घरचं एकही काम तुझ्याकडं आलं नाही. तू पिशव्या शिवल्यास, उशांचे अभ्रे शिवलेस. मला कधी बोलली नाहीस, फक्त एकदा सुईत दोरा ओवता ओवता म्हणालीस, "हो म्हणायच्या आधी जरा थांबत जाय, बाई." बस, एवढंच. मारलं असतंस तर बरं झालं असतं.

ते लेकरू आठव्यातच झालं होतं, छातीनं कच्चं होतं. धोतरानं काही होत नाही हे मला कळतं, मी शिकलेली आहे. पण त्या कळण्याचा मला आजवर कवडीचा उपयोग झालेला नाही. आता माझ्या लेकीला सातवा लागलाय. तिला बाळासाठी जुन्याच कापडाची झबली हवीत, तीही माझ्या हातची. काल बाजारात एक मऊ मलमलची साडी सापडली आणि मी तुझ्याच शब्दांत विचारलं, कुणाच्या घरची आहे. दुकानदार हसला. "मावशी, ट्रकनं गठ्ठे येत्यात. कोण जितं, कोण मेलं, कुणाला ठावं?" मी साडी परत ठेवली. आता विचारायची लाज राहिली नाही, तर सांगणारं कुणी उरलेलं नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. लेकीच्या हाती लागायच्या आत फाडून टाकेन, तेवढी भित्री मी अजून आहे. संध्याकाळी तिची सासू आली होती. झबल्यांचा विषय निघाला तशी लेक हसत हसत सांगायला लागली, आमच्या आजीनं एकदा न विचारता मेलेल्या माणसाचं धोतर आणलं होतं, म्हणून आई एवढी घाबरते. हे तिला कुणी सांगितलं? मीच सांगितलं असणार कधीतरी, असंच. मी चहा गाळत होते. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. खरं सांगितलं असतं तर आता कोण मला काय म्हणणार होतं?

"म्हाताऱ्या माणसाकडून इचारायचं राहिलं आसंल," विहीणबाई म्हणाल्या.

आई, मी म्हणाले, "व्हय, राहिलं आसंल."