ओबेडच्या नावचं गाणं

हॉल्मगॅप, नॉरफोक
१६ जानेवारी १९०९

चि. थर्झास अनेक आशीर्वाद.

तू मामंजींसाठी धाडलेला लोकरी गळपट्टा पोचला. त्यांच्या छातीतली घरघर काही कमी होत नाही. काल मात्र हेरिंग मासळीचे दोन तुकडे खाल्ले आणि मीठ कमी म्हणून माझ्यावर खेकसले, तेव्हा जरा धीर आला.

आता तुझी कानउघाडणी. तुझ्या मालकिणीचे भाचे, ते गावोगाव गाणी गोळा करणारे पेल्हॅमसाहेब, सायकल दामटत इथे आले. आमच्या यांच्या गाण्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं? तुझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!

'थ्री अँकर्स' पबमध्ये ज्याचं गाणं त्यानेच म्हणायचं, तो जिवंत असेतो दुसऱ्याने नाही, हे तुला ठाऊक आहे. मामंजींनी आमच्या लग्नात ते यांना दिलं आणि पुन्हा कधी स्वतः म्हटलं नाही. नोव्हेंबरच्या वादळातून यांची बोट परतली नाही. बोटीवरच्या बाकीच्यांच्या बायकांनी दुखवट्याचं काळं घातलं. मी नाही घातलं. शनिवारी पबचा मालक अजून यांच्या नावाने हाक देतो आणि गाण्याएवढा वेळ सगळे गप्प बसतात.

साहेबांनी गावभर विचारलं. आम्हाला येत नाही, ओबेडला विचारा, असंच जो तो म्हणाला. म्हणून आता ते मामंजींच्या उशाशी कागद घेऊन बसतात. मामंजींनी ते म्हटलं की हे गेलेच, नाही का? या घरात मी तसं होऊ देणार नाही.

रागावले तरी तू माझी आहेसच.
केझिया

नॉरिच
२१ जानेवारी १९०९

सौ. केझियावहिनीस थर्झाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता पुडिंग करपलं आणि मालकिणीने माझा यथास्थित उद्धार केला. म्हणजे तुझ्याही मनासारखं झालं!

ओबेडदादाचा अभिमान वाटतो म्हणून बोलले गं. तो माझाही दादा आहे. दारावर थाप पडली की मी हातातलं टाकून धावते, आणि बाहेर दूधवाला असतो. पण बाबा गेले आणि दादाही आला नाही, तर आजोबांपासूनचं गाणं मातीत जाईल. कागदावर उतरल्याने कुणी मरत नाही. बाबांना म्हणू दे. नुसत्या हट्टाने माणूस परत येत असता, तर मी नोकरी सोडून तुझ्या शेजारी येऊन बसले असते.

लहान तोंडी मोठा घास घेतला, राग धरू नकोस. बाबांना माझा नमस्कार सांग.
थर्झा

हॉल्मगॅप
८ मार्च १९०९

चि. थर्झास आशीर्वाद.

मामंजींना माती देऊन तू परत गेलीस, त्यानंतर लिहायला हात उचलला नाही. त्यांच्या शेवटच्या दिवशी साहेब आले होते. मामंजींनी म्हणायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. मी नुसती मान हलवली असती तरी त्यांनी म्हटलं असतं.

गेल्या आठवड्यात भांडी घासताना ते गाणं मनात म्हणत होते. दर शनिवारी पबच्या खिडकीखाली यांची वाट बघत ऐकलेलं, मला तोंडपाठ. चौथं कडवं आठवेना. दिवसभर आठवेना. यांच्यासाठी म्हणून जे इतकं जपलं, ते माझ्याच हातून निसटत होतं.

शनिवारी मी पबमध्ये गेले. बाई आत आलेली पाहून सगळे चपापले. मालकाने ओबेड थर्टल अशी हाक दिली, आणि मी उभी राहिले. तीन कडवी म्हटली आणि अडले. तेव्हा कोपऱ्यातून म्हाताऱ्या सायलसने चौथं उचललं, आणि त्याच्यामागून सगळ्यांनी. आम्हाला येत नाही म्हणणारे तेच सगळे, एक शब्द चुकले नाहीत. हे परत येणार नाहीत, हे त्यांना नोव्हेंबरपासून ठाऊक होतं गं. माझ्यासाठी थांबले होते. एवढ्या आवाजांत यांचा आवाज नव्हता, तेव्हा मला पटलं. मी तिथेच रडले.

पेल्हॅमसाहेबांना सांग, केव्हाही यावं आणि उतरवून घ्यावं. आता कुणीही म्हणेल. आणि माझ्या मापाचं काळं कापड तिकडूनच धाड, इथलं लवकर विटतं.

आता आपण दोघीच उरलो. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वहिनी,
केझिया