चुन्याची खूण

रविवार, आश्विन

पाऊस सरला, ऊन पुन्हा भाजतंय. खुरपणीला कनेरगाव नाक्याची कांताबाई आली. उन्हाळाभर आंघोळीचं पाणी घालून जगवलेल्या चार शेवंत्या गवतात हरवू नयेत, म्हणून मी शेजारी चुना फासलेल्या काड्या रोवल्या होत्या. बाईने नेमक्या त्याच शेवंत्या उपटल्या. मी ओरडले.

“ताई, नाक्यावर रस्त्याच्या झाडाईले चुन्याची खूण केली, ते समदे तोडले की. मले वाटलं, हे बी काढायचे.”

तोडायचंच तर खूण कशाला करेन मी? पण खूण कशाची, हे तरी कुठे सांगितलं?

रोपं परत लावली. माना टाकून आहेत. त्यांच्यावर कांताबाई स्वतःचं ओलं फडकं पसरून गेली. मी तिला अडाणी म्हणाले, ते अजून परत घेतलेलं नाही.