बक्षिसाच्या रजिस्टरातला अंगठा

माय,

आज पेटी आवरताना ती वही पुन्हा हाती लागली. कापसाच्या जिनातल्या गठाणींच्या जुन्या चिठ्ठ्या, एका बाजूनं कोऱ्या, तू गोळा करून सुतळीनं शिवलेली वही. सुतळी अजून शाबूत आहे, कागद मात्र हात लावला की तुटतो. मी आता तुझ्यापेक्षा कितीतरी म्हातारी झाले. तू गेलीस तेव्हा तुझी चाळिशीही झाली नव्हती आणि मी इकडे नातवंडांच्या शुद्धलेखनात नाक खुपसत बसते. वयानं पाहिलं तर आता तूच माझी लेक शोभशील. पण मनात तुझ्याशी बोलायला लागले की मी लगेच दहावीतली होते आणि चुलीपाशी पाटावर येऊन बसते.

त्या वर्षी आपल्या नेरच्या शाळेत मराठीला नव्या बाई आल्या होत्या. गोष्टी आणि कविता पुष्कळ झाल्या, म्हणाल्या, आता वैचारिक लेखन शिकायचं, आपलं म्हणणं दुसऱ्याला पटवून कसं द्यायचं ते. त्यांनी फळ्यावर शब्द लिहून दिले: विधान, पुरावा, उदाहरण, प्रतिपक्ष, खंडन, आवाहन. अर्थासकट पाठ करून या. आपल्याकडे पाठांतराची जागा एकच, तुझी चूल. आपण बौद्ध झालो तेव्हा तू देवळीतले देव उचलून नदीत सोडून आली होतीस, आणि त्या रिकाम्या देवळीत माझी पाटी-पुस्तकं आली होती. सकाळी तू भाकरी थापते आहेस, मी वही धरून मोठ्यानं म्हणते आहे. विधान म्हणजे आपण ठामपणे जे म्हणतो ते. पुरावा म्हणजे ते कशावरून खरं, ते. तू परातीतून मान वर न करता म्हणायचीस, "अजून एक डाव म्हन." मला वाटायचं, माझं नीट पाठ व्हावं म्हणून म्हणतेस.

आठ दिवसांत ते शब्द माझ्याआधी तुझे झाले. बाबा जेवताना म्हणाले, भाजीत मीठ नाही, तर तू म्हणालीस, "हे विधान झालं. पुरावा दाखवा." बाबांनी ताट पुढं सरकवलं, तू चाखून पाहिलंस आणि मुकाट्यानं मीठ वाढलंस. जिनात जमादार म्हणाला की बाया गप्पा मारतात म्हणून कापूस निवडायचा राहतो, तर त्यालाही तू पुरावा मागितलास. सोबतच्या बाया घरापर्यंत हसत आल्या. मला पुढं शिकवायचं की लग्न उरकायचं, हा विषय बाबांनी काढला की तू माझ्याकडे पाहून हळूच म्हणायचीस, "तुहा बाप आपला प्रतिपक्ष हाये. त्याचं पुरं आयकून घ्याव लागते." आणि खरंच ऐकून घ्यायचीस, मधे एक शब्द बोलायची नाहीस, मग एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायचीस. बाबा शेवटी उठून बाहेर जायचे. मी मॅट्रिक झाले ती तुझ्या त्या खंडनावर, बाईंच्या नव्हे.

मग वक्तृत्वाची स्पर्धा जाहीर झाली. विषय होता, घरची बाई शिकली पाहिजे. आसपासच्या शाळांची मुलं येणार होती, परीक्षक यवतमाळहून येणार होते, आणि भाषण आधी कुठल्याही शिक्षकाला दाखवायचं नाही असा नियम होता. बाईंनी एवढंच सांगितलं की उदाहरण जवळचं द्या, लोकांना डोळ्यांनी दिसेल असं. मी ते फार मनावर घेतलं. तुझ्या त्या वहीत मी भाषण लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तू विचारायचीस, "काय लिवलं, वाचून तं दाखव." मी म्हणायचे, त्या दिवशीच ऐक.

शाळेच्या पटांगणात मांडव आहे. तू जिनातून अर्ध्या दिवसाची सुटी काढून आली आहेस, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून बायकांत पुढं बसली आहेस. मी उभी राहते. विधान होतं, प्रतिपक्षाचं म्हणणं होतं, त्याचं खंडन होतं, सगळं फळ्यावरच्या क्रमानं. आणि मग मी म्हणते, "उदाहरण शोधायला दूर कशाला जायचं? माझी आई समोर बसली आहे. तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. कागद पुढं आला की ती अंगठा पुढं करते." सगळा मांडव वळून तुझ्याकडे पाहतो. मग टाळ्या. तू पदर सारखा केलास आणि तूही टाळ्या वाजवल्यास, जरा उशिरा.

पहिलं बक्षीस मला मिळालं, जाडजूड शब्दकोश. बक्षीस घेताना रजिस्टरात पालकांची सही लागायची. बाईंनी टोपण काढून पेन तुझ्यापुढं धरलं. तुझा हात पेनापर्यंत गेला आणि थांबला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी शब्दकोशाची पानं उलटत होते. मग तू बाईंना विचारलंस, "अंगठ्याची शाई हाये का?" बाई काहीतरी बोलणार होत्या, तू मान हलवलीस आणि अंगठा उठवलास.

घरी येताना शब्दकोश तूच उचललास. रस्ताभर तो पदरात धरून चालत होतीस. मी विचारलं, "माय, कसं झालं भाषण?"

"चांगलं झालं. पुरावा मजबूत होता वं तुहा."

एवढंच. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. तू टोमणा मारला असतास तर मी भांडले तरी असते.

त्यानंतर दोन वर्षांनी तुला कावीळ झाली. मी तेव्हा यवतमाळला मास्तरकीच्या ट्रेनिंगला होते. निरोप मिळाला, बस मिळाली, मी पोचले तेव्हा तुला बाहेर आणून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी बाई भेटायला आल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की स्पर्धेच्या तीन महिने आधी तू त्यांच्याकडे गेली होतीस. जिंकणाऱ्या मुलीच्या पालकाची सही लागते असं तुला कळलं होतं, म्हणून तू त्यांच्याकडून नाव लिहून घेतलंस आणि गिरवत राहिलीस. मी जिंकणार हे तू तीन महिने आधीच धरून चालली होतीस. बाईंनी नंतर तुला विचारलं होतं, सही का नाही केली? तू म्हणालीस, "इतक्या लोकाइपुढं माही पोरगी खोटी पडली असती." आणि पुढं दोन वर्षं जिनाच्या हजेरीवरही तू अंगठाच देत राहिलीस.

मी रडले. बाईंना वाटलं, मला हे आत्ताच कळलं म्हणून रडते. बाबांनाही तेच वाटलं. मी तसंच वाटू दिलं.

पुढं तीस वर्षं मी तेच शब्द फळ्यावर लिहिले. मुलं हुशार निघाली, काही वकील झाली. उदाहरण या शब्दापाशी आले की मी सांगायची, घरच्या माणसाला उदाहरण करू नका. का, ते कुणी विचारलं की पुढचा शब्द घ्यायची. तुझी फार आठवण येते माय, आणि आठवण आली की सुखानं रडताही येत नाही.

हे पत्र मी त्या वहीतच ठेवणार आहे. दुसरीकडे कुठं ठेवायचं? पण एक लिहायचं राहिलं आहे. स्पर्धेला दोन दिवस होते. तू जिनात गेली होतीस. मी चुलीतली राख काढायला वाकले तर मागच्या भिंतीवर, अगदी खाली, कोळशानं लिहिलेलं तुझं नाव दिसलं. चार वेळा. चौथ्या वेळी चांगलं आलं होतं. मला आनंद झाला, खोटं नाही सांगत. मी देवळीतून वही काढली, ते वाक्य खोडायला पेन्सिल टेकवली आणि त्या वाक्यावाचून भाषण म्हणून पाहिलं. त्यात काही जीव राहत नव्हता. मी पेन्सिल ठेवून दिली. मग शेण कालवून आणलं आणि ती भिंत सारवून टाकली, म्हणजे मी काही पाहिलं नाही असं होईल. संध्याकाळी तू आलीस, ओल्या भिंतीपुढं जराशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, "सारवलं का वं? बरं केलं."