पिंप्राळ्याच्या उन्हाळ्यात थंडीतला खून

पिंप्राळा, जळगाव
मे महिना, दुपार

ती. सविताअक्कास,

चुडामणचा नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात का, दाजी बरे आहेत का, धुळ्याला ऊन आमच्यापेक्षा कमी आहे का, हे सवडीने कळव. इकडे सगळे खुशाल आहेत. सुपडूनाना तेवढे मधे वारले होते, पण आता बरे आहेत.

घाबरू नकोस, नीट सांगतो. कॉलनीच्या उन्हाळी नाट्यमहोत्सवात यंदा आम्ही खुनाचं नाटक केलं. नाटक जुनं, नावाजलेलं. डोंगरावरचा बंगला, कडाक्याची थंडी, मालक रावसाहेब पहिल्याच प्रवेशात मरतात आणि उरलेल्या सगळ्यांवर संशय येतो. रावसाहेब झाले सुपडूनाना (अमळनेरकडचे, आपल्या समोरच राहतात. आयुष्यभर एसटी चालवली, त्यामुळे नुसतं पडून राहायचं काम त्यांना बक्षीसच वाटलं). मी डॉक्टर, म्हणजे खुनी. दुधात विष घालतो. इन्स्पेक्टर आणि दिग्दर्शक दोन्ही भटूसर. सरांचं म्हणणं असं, की अभिजात नाटकातला शब्दही बदलायचा नाही. म्हणून उघड्यावरचा रंगमंच, दिवसभर तापलेली फरशी आणि आम्ही लोकरी कोट, मफलर, कानटोप्या चढवून 'काय ही थंडी' म्हणत हात चोळतोय. माझी दाढी पहिल्या अंकातच घामाने सुटून मफलरमध्ये गेली. पुढचं सगळं डॉक्टरने गुळगुळीत चेहऱ्याने निभावलं.

नाना वेळेवर मेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण शालीखाली प्रेताला उकडायला लागलं आणि विंगेत कूलर होता. दिवे मालवले की नाना हातभर कूलरकडे सरकायचे. दिवे लागले की सरांनी खडूने आखलेली आकृती एकीकडे आणि नाना भलतीकडे. सरांनी 'प्रेत हलवण्यात आलं आहे' असं गंभीरपणे जाहीर केलं आणि नोकर झालेल्या हेमराजकडे असं पाहिलं, की तो खरोखरच घाबरला. मग तानुबाई (नानांच्या मंडळी) पहिल्या रांगेतून उठून वर आल्या, रावसाहेबांना बसवून ग्लासभर ताक पाजलं आणि पुन्हा निजवून खाली गेल्या. सरांनी तो ग्लास पुरावा म्हणून जप्त केला. दुसरा अंक संपेतो नाना कमरेपर्यंत विंगेत गेले होते. प्रेक्षकांना नुसते पाय दिसत होते.

मध्यंतरात हेमराजने आपल्या आबांचा निरोप आणला. तू माझ्यासाठी सुचवलेल्या मेघाच्या घरची मंडळी धुळ्याहून आली आहेत, दुसऱ्या रांगेत बसली आहेत, तरी चुडामणने त्यांच्यासमोर खून करायचा नाही. मी सरांना गाठलं. सर म्हणाले, अभिजात नाटकात खून डॉक्टरच करतो. मी हेमराजला म्हटलं, तू घे हा खून अंगावर. तर त्याची सासुरवाडीच आलेली.

तिसऱ्या अंकात सरांनी विचारलं, खून कोणी केला? आता कबुली द्यायची मी. दुसऱ्या रांगेत पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ माझ्याकडे टक लावून बसले होते, शेजारी पदर घेतलेली एक तरुण बाई. माझ्या तोंडून निघालं, मी नाही. हेमराजही नाही म्हणाला. सरांनी पुन्हा विचारलं. कुणीच केला नव्हता. तेवढ्यात विंगेतून शाल ओढत नाना उठून आले आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भटू, माले कोन्हीच मारं नही. मीच मन्हा हातघाई मरनू. आते बठ्ठासले घर जाऊ दे."

रावसाहेब आपल्याच हाताने मेले आणि सगळ्यांना घरी सोडलं, हे ऐकून टाळ्या पडल्या. लोक चपला शोधायला लागले. मी सरांकडे पाहिलं. शेवटचं मोठं भाषण त्यांनी गुढीपाडव्यापासून पाठ केलं होतं, रोज सकाळी फिरताना म्हणायचे. आता हातात बेड्या धरून ते लोकरी कोटात नुसते उभे होते आणि त्या घालायला कुणी नव्हतं. अक्का, मला ते बघवेना.

मी म्हणालो, "नाना, निजा परत. खून मी केला. दूध मीच आणलं होतं."

मी हात पुढे केले. सरांनी बेड्या घातल्या आणि सबंध भाषण म्हटलं, एक शब्द न गाळता. कुणी जागचं हललं नाही. लग्न मोडलं असंच मी तेव्हा धरून चाललो होतो, पण त्या वेळी वाईट काही वाटलं नाही. पांढऱ्या टोपीवाले तर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आबा अजून बोलत नाहीत, वाढून मात्र देतात. दाजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
चुडामण

ता. क. नाटकानंतर पाया पडायला गेलो, तर पांढऱ्या टोपीवाले नानांचे व्याही निघाले आणि शेजारची त्यांची सून. मेघाकडचे उन्हाच्या भीतीने धुळ्याहून निघालेच नव्हते. आता रविवारी आमचा दुसरा प्रयोग धुळ्यालाच आहे, त्याला येणार आहेत. त्यांना आधीच सांगून ठेव, मुलगा खून करतो, पण विचारलं की कबूल करतो.

आणखी ता. क. मुख्य राहिलंच. नाना पुन्हा मरायला तयार नाहीत, आणि तानुबाईही नको म्हणतात. रविवारी दाजींना नुसतं 'नाटक बघायला चला' म्हणून घेऊन ये, बाकी काही बोलू नकोस. रावसाहेबांच्या कोटाचं माप आम्ही तुमच्या लग्नातल्या फोटोवरून घेतलं आहे.