पिवळं दुपटं कोणाच्या हातचं

आई, मी तुझ्यावर रागावलेलो आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की वयानं मी आता तुझ्याही पुढे निघून गेलो, पण राग जिथल्या तिथे आहे. परवापर्यंत तो झोपलेला होता. परवा दुपारी लोहाऱ्याहून एक मुलगी स्कूटीवर आली, तिनं पिशवीतून एक पिवळं दुपटं काढलं, त्याचा कोपरा उसवला होता, आणि तिनं जे विचारलं त्याला या घरातून पुन्हा तेच उत्तर गेलं जे तुझ्या काळात जात होतं. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. म्हणून शाळेतल्यासारखी रेघांची वही घेऊन बसलो आहे. तू म्हणशील, बसला पुन्हा कविता करत. नाही, ही कविता नाही.

आधी चांगलं ते लिहून टाकतो, म्हणजे मध्येच तू 'आणि ते काय रे?' म्हणायला नको. माझ्या बायकोच्या हातात क्रोशाची सुई तूच दिलीस. तिची दुसरी खेप पाचव्या महिन्यात गेली, डॉक्टरीणबाईंनी आता पुढे आशा धरू नका म्हणून सांगितलं, आणि ती आठवडाभर स्वयंपाकघरात सूप घेऊन बसली. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची. मी तिला आठवीच्या पुस्तकातली एक कविता म्हणून दाखवली, गेलेली पाखरं परत येतात अशी काहीतरी. आज आठवलं तरी कान गरम होतात. तू मात्र तिच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलंस, तिथेच चुलीजवळ पाट ओढलास आणि तिच्या बोटांत सुई अडकवलीस. 'साखळी घाल. वीस घाल. आता हा खांब, हा मुका खांब. टाका ओढू नको, पोरी, लेकराच्या अंगाले टोचते.' तिनं विचारलं, 'कोणाच्या लेकराच्या, आत्याबाई?' तू म्हणालीस, 'कोणाच्याही. लेकरू लेकरूच असते.' तुझं हे वाक्य मी किती जणांना कौतुकानं सांगितलं असेल. आता त्याच वाक्याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

गल्लीत तुझं नाव मोठं होतं. चार लेकरं झाली आणि चारही जगली, असा तुझा हात. कोणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली की तिची आई आपल्या फाटकातून आत यायची. 'काकू, टोपडं-मोजे तुमच्या हातचेच पाहिजेत वो.' बाळाच्या अंगाला जे पहिलं लागेल ते भरल्या घरच्या बाईनं केलेलं असावं, ही आपल्याकडची समजूत. बाळंतविड्यात सोन्याचा मणी नसला तर चालतं, पण जिला मूल नाही तिनं विणलेलं दुपटं कोणी घेत नाही. हे कोणी तोंडानं बोलत नाही. नुसतं विचारतात, कोणाच्या हातचं? त्या विचारण्यातच सगळं येतं.

याचा आपल्या घराशी काय संबंध, हे मला कळायला माझी नोकरी जावी लागली. मी कापूस संकलन केंद्रावर ग्रेडर होतो. गाड्यांच्या रांगेतून फिरायचं, मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, की धाग्याची लांबी बोटांना समजते. फुलसावंगीकडचा कापूस कोणता आणि दारव्ह्याकडचा कोणता, हे मी डोळे मिटून सांगत असे, निदान चारचौघांत तसं म्हणत असे. मग ती वाईट वर्षं आली. कापूस पिकला तरी आणि नाही पिकला तरी गावोगाव सुतक असल्यासारखं. सकाळचा पेपर उघडायला मन धजत नसे. एका दिवाळीनंतर आमचं केंद्र उघडलंच नाही आणि मी घरी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी आपलं घर दुपारचं पाहिलं.

तू पुढच्या खोलीत खिडकीशी बसलेली असायचीस, मांडीवर लोकर, हातात सुई. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, काकूंचं काम चाललं आहे. आठ दिवस मी पाहिलं, तुझ्या मांडीवरची ओळ काही पुढे सरकत नव्हती. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरला होता, ऑपरेशनचं नाव काढलं की तू भांडायला उठायचीस, आणि सुईचं टोकसुद्धा तुला दिसत नव्हतं. विणत होती ती माझी बायको. मागच्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांशेजारी, दार लोटून. फाटकाची कडी वाजली की ती उठायची, हातातलं काम तुझ्या मांडीवर आणून ठेवायची आणि चहा टाकायला आत जायची. एक शब्द नाही. तुम्हा दोघींना त्याची इतकी सवय झाली होती की दूधवाला आला तरी टोपडं पुढच्या खोलीत जायचं. मी ग्रेडर होतो, आई. तुझा टाका घट्ट, तिचा सैल आणि एकसारखा. नुसती बोटं फिरवली असती तरी मला कळायला पाहिजे होतं. मी त्या घड्यांवरून वर्षानुवर्षं हात फिरवला आणि 'वा, आई' म्हणत आलो.

पिवळं दुपटं कोपऱ्यावरच्या वकिलीणबाईंच्या नातवंडासाठी होतं. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. कडेनं लाटा, प्रत्येक लाटेच्या आत एक पांढरी ओळ, असं तीन आठवडे चाललं होतं. इतकं मोठं काम तिनं तोवर केलं नव्हतं, आणि शेवटचे दोन दिवस ती विणता विणता गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं मी विसरून गेलो होतो. वकिलीणबाई त्या दिवशी फाटकातून आल्या नाहीत. पुढे नळासाठी नाली खोदली होती, म्हणून त्या मागच्या अंगणातून आल्या आणि थेट त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. तिच्या मांडीवर दुपटं, बोटांत सुई. मी पेपर घेऊन मधल्या दारात.

'हे काय वो काकू,' त्या मोठ्यानं म्हणाल्या, 'सूनबाई विणून राह्यली का आमचं?'

तू भिंत चाचपत आलीस. 'नाही बापा. माह्ये हात दुखून आले होते, म्हणून तिले नुसतं धरायले देलं.'

'मंग सुई कायले तिच्या हातात?'

यावर तू खाली बसलीस. तिच्या मांडीवरून दुपटं ओढून घेतलंस, तुझ्या बोटांना शेवटचा टाका बरोबर सापडला, त्यातली सुई काढलीस आणि लोकर ओढलीस. 'घ्या. मनात किंतू नोको. मी नव्यानं विणून देते.' क्रोशाचं सगळं काम एका टाक्यावर उभं असतं. तो सुटला की बाकीचं सरसर येतं. वकिलीणबाई 'राहू द्या वो, असं कायले' म्हणत होत्या, पण तुझा हात धरत नव्हत्या. तीन आठवड्यांचं काम तुझ्या पायाशी ढीग होऊन पडलं. माझी बायको तिकडे पाहत नव्हती. तिनं लोकरीचं टोक धरून गुंडा करायला घेतला होता, कारण गुंता झाला असता तर तो तिलाच सोडवावा लागला असता.

त्या गेल्यावर मी विचारलं, 'काहून उसवलं?'

'मंग काय करू? हिनं विणलं असं गल्लीत झालं तं उद्या दारात कोणी येईन का? मंग हिचे हात दिवसभर काय करतीन, तांदूळ निवडतीन?' मग तू आणखी चढलीस. 'तुले एवढा कळवळा हाय तं जाय न. चार घरं सोडून तं हाय. सांग वकिलीणबाईले, माह्या बायकोनं विणलं, घ्याचं तं घ्या. जाय. नाही तं बस कविता म्हणत.'

मी चप्पल घातली आणि निघालो. तिनं गुंड्यावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून दिसतं. मी कुठवर गेलो ते पुढे लिहितो.

उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लडी करून कोमट पाण्यात धुवावी लागते आणि खाली वजन बांधून वाळत टाकावी लागते, तेव्हा कुठे ती सरळ होते. दोन दिवस ती पिवळी लडी मागच्या अंगणात खिळ्याला टांगलेली होती, खाली पितळी तांब्या बांधून. येता-जाता मला ती दिसायची. मग तिनं तेच दुपटं, त्याच लाटा, पुन्हा विणलं, या वेळी दाराला आतून कडी लावून. तू खिडकीत बसून सुई हलवत राहिलीस. बारशाला ते तूच नेलंस. विधवा म्हणून पाळण्याला हात लावायची तुला मुभा नव्हती, पण तुझ्या हातचं विणकाम चालायचं, चार लेकरांनी तेवढं तुला मिळवून दिलं होतं. घरी आल्यावर तू सांगितलंस, 'बाया म्हणत होत्या, काकूचे डोळे गेले पण हात नाही गेला.' हे तू तिला सांगितलंस. हसत. ती म्हणाली, 'बरं झालं, आत्याबाई.'

याचा राग आहे मला. तुला ठाऊक नव्हतं असं असतं तर मी गिळलं असतं. पण बाबा गेल्यावर ताईच्या डोहाळजेवणात, तुझ्या पोटच्या लेकीच्या, बायकांनी तुला ओटी भरून होईपर्यंत मागच्या खोलीत बसवलं होतं. तू घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी मला म्हणालीस, 'बंद दाराआडून हसणं आयकू येते रे, तेच वाईट.' आणि तीच खोली तू आपल्या घरात आणलीस, तिला तिच्यात बसवलंस आणि स्वतः दारावर बसलीस. शाळेच्या पुस्तकांतल्या सगळ्या आया मला पाठ होत्या. दिव्यासारख्या तेवणाऱ्या, सायीसारख्या हातांच्या. त्या कविता म्हणताना माझा गळा भरून यायचा आणि मला वाटायचं, तो तुझ्यासाठीच भरून येतो. त्यातली एकही आई सुनेच्या मांडीवरचं काम ओढून उसवत नाही. तू तिला काम दिलंस, हे मी वर लिहिलं आहे आणि खोडणार नाही. पण हे तिचं आहे, एवढं तू एकदाही, एका माणसासमोरही म्हटलं नाहीस. मरताना तरी म्हणायचंस. मरताना तू ताईची चौकशी केलीस आणि पाणी मागितलंस. पाणी तिनंच दिलं.

तू गेल्यावर भेटायला आलेल्या बायका तिच्यासमोर सतरंजीवर बसून तुझ्या टोपड्यांच्या आठवणी काढून रडल्या. तिनं सगळ्यांना चहा दिला. त्यानंतर लोकर घेऊन कोणी आलं नाही. कशाला येतील, विणणारी तर गेली होती. तेराव्यानंतर तिनं सुई शिवणाच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. मी मनाशी ठरवलं होतं, कोणी विचारलं की खरं सांगायचं. मग कोणी विचारलंच नाही, अशी मी माझी समजूत घालत आलो.

परवा विचारलं. ती मुलगी म्हणजे वकिलीणबाईंची तीच नात. आता तिलाच दिवस गेले आहेत. 'आजोबा, हे तुमच्या आईच्या हातचं आहे नं? मले याच्यातच गुंडाळून फिरवत होते म्हणे. माह्या बाळाले पण हेच पाहिजे, पण कोपरा गेला न.' वकिलीणबाई कधीच्याच गेल्या. तुझ्या वेळचं गल्लीत कोणी उरलं नाही. ही मुलगी नोकरी करणारी, तिला कोणाचाही हात चालला असता, ती सहज विचारत होती. मी दुपटं हातात घेतलं आणि सवयीनं चिमटीत धरलं. सैल, एकसारखा टाका. माझ्या मागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आणि मी म्हणालो, 'हो. माझ्या आईच्या हातचं.'

तू तिथे नव्हतीस, आई. तुला दोष देऊ म्हटलं तरी तू तिथे नव्हतीस. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि मुलीला म्हणाली, 'दे इकडे, भरून देते कोपरा.' मुलगी म्हणाली, 'तुम्हाले पण येते का, आजी?' ती म्हणाली, 'येते थोडंसं.'

आणि त्या दिवशी चप्पल घालून निघालो तेव्हा मी वकिलीणबाईंच्या दारापर्यंत गेलोच नव्हतो. पानठेल्यापर्यंत गेलो, तिथे उभा राहून आतल्या आत वाक्यं जुळवली, चांगली जुळली होती, आणि परत येताना अंबाडीची जुडी घेऊन आलो. तिनं जुडी माझ्या हातातून घेतली आणि निवडायला बसली. तू म्हणालीस, 'भाजी ताजी भेटली.' बस, एवढंच म्हणालीस. ते मी तुला कधी माफ केलं नाही.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच तुला लिहिता आलं. जिला पोचेल ती इथून दहा पावलांवर अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसली आहे, मांडीवर पिवळं दुपटं, उघड्यावर. कोपऱ्याची शेवटची लाट चालली आहे. मघाशी तिनं मान वर न करता विचारलं, 'सकाळपासून काय लिहून राह्यले?'

मी म्हटलं, 'कविता.'

'मंग वाचून दाखवा. हात गुंतले हायेत, कान तं मोकळेच हायेत.'

मी वहीवर हात ठेवला आणि म्हणालो, अजून पुरी झाली नाही.